आधी यादी, मग माळा: घर आवरणं आणि गच्चीवरची भाजी एकत्र कशी जमवावी

प्रश्न असा आहे: सांगलीत विश्रामबागेजवळ आरसीसी घर, माळ्यावर आणि जिन्याखाली दोन पिढ्यांचं सामान, वर साधारण ४०० चौरस फुटांची गच्ची. नवरात्राच्या आवराआवरीत घर मोकळं करायचं आहे आणि त्याच जुन्या डब्या-बादल्यांत भाजी आणि थोडी फळझाडं लावायची आहेत. दोन्ही एकदम जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

जमतं, पण क्रम नीट धरला तरच. बहुतेक घरांत आधी माळा रिकामा होतो, त्यातलं जे टाकवत नाही ते "बागेला होईल" म्हणून गच्चीवर चढतं, आणि वर्षभरानं गच्चीवर तीन कुंड्या जिवंत आणि तीस डबे गंजलेले अशी अवस्था होते. अडगळ घराबाहेर गेलेलीच नसते, एक मजला वर गेलेली असते. त्यात पावसाचं पाणी साठतं, डास होतात, पन्हळीचं तोंड तुंबतं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल धरते. म्हणून बागेला काय लागणार त्याची यादी आधी कागदावर करा आणि ती हातात घेऊनच माळ्यावर चढा. जे यादीत नाही ते बागेच्या नावावर राहणार नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी आधी कबूल करून घ्यायला हवं.

यादी भांड्यांपासून सुरू करू नका, वजनापासून करा. वावर असलेली घराची गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखलेली असते. रंगाच्या २० लिटरच्या बादलीत निव्वळ काळी माती भरून पाणी दिलं की ती ३० किलोच्या आसपास जाते. अशा नऊ बादल्या एका चौरस मीटरात सहज मावतात, म्हणजे २७० किलो. तीच बादली पुढे दिलेल्या हलक्या मिश्रणानं भरली तर २० ते २२ किलोची होते, आणि चौरस मीटरला चार-पाचच ठेवल्या तर भार शंभरीच्या आसपास राहतो. बादल्या भिंतीकडेने, तुळईच्या ओळीवर ठेवा आणि स्लॅबचा मधला भाग मोकळा सोडा. गावभागातल्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरावर किंवा लाकडी तुळयांच्या छतावर हा प्रयोग अजिबात नको. तिथे अंगणात किंवा परसातच लावा. स्लॅबला तडे असतील, सळई उघडी पडली असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर एकही बादली चढवू नका.

४०० चौरस फुटांना पहिल्या वर्षी १२ बादल्या, सहा क्रेट आणि दोन मोठे ड्रम पुरेसे आहेत. चार माणसांच्या घरी आठवड्यातून एखाद-दोनदा पालेभाजी आणि हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची यांतला बराचसा वाटा एवढ्यातून निघतो. नवख्या माणसाला रोज अर्धा तास देऊन एवढंच झेपतं. यापेक्षा जास्त मांडलं की मार्चच्या उन्हात पाणी घालणं जड होतं आणि सगळंच वाळतं. शिवाय यादीत दोन कंपोस्टचे डबे, एक वेलांचा मांडव, बांधायला सुती पट्ट्या, कीड अडवायला जाळी आणि अवजारांची झाकणाची एकच पेटी. खुरपं, छाटणीची कात्री, झारी, सुतळी, लहान फवारणी पंप, उरलेलं बियाणं हे सगळं त्या पेटीत मावलं पाहिजे.

आता काम. पहिला दिवस गच्चीचा, माळ्याचा नव्हे. वर असलेलं सगळं एका कोपऱ्यात ओढा, झाडून धुवा, पन्हळीचं तोंड मोकळं करा. नवरात्राला पाऊस नुकताच सरलेला असतो, त्यामुळे कुठे ओल झिरपली ते खालच्या छतावर दिसतंच. ती दुरुस्ती कुंड्या मांडण्याआधी करा. नंतर सहाशे-सातशे किलो सामान हलवून कोबा दुरुस्त करणं फार त्रासाचं होतं. प्रत्येक बादली जमिनीपासून तीन-चार इंच वर, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर. बूड थेट स्लॅबवर टेकलं की तिथे कायम ओल राहते आणि मुळं छिद्रातून बाहेर येऊन कोब्याच्या फटीत शिरतात.

सांगलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या कितीतरी कुटुंबांना वरच्या मजल्याचा आणि गच्चीचाच आधार होता. तुमचं घर पूररेषेजवळ असो वा नसो, जिन्याच्या दारापासून कठड्यापर्यंत एक मीटर रुंद वाट आणि माणसं बसतील एवढा एक कोपरा कायम रिकामा ठेवा. पूर येऊ शकणाऱ्या भागात तळमजल्यावरची कागदपत्रं, धान्य, औषधं यांना माळ्यावर राखीव जागा लागते. माळा मोकळा करण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. पुरात भिजलेल्या गाद्या, प्लायवूड, उशा वाळवून परत ठेवलेल्या असतील तर त्या आधी काढा. आतली बुरशी वाळल्यावरही जात नाही.

मग माळा. बागेसाठी काय घ्यावं? पाण्यावर चालणाऱ्या भिंतीच्या रंगाच्या बादल्या चालतात, फक्त वाळलेला रंग खरवडून दोनदा धुवायला हव्यात. ऑइल पेंट, थिनर, वॉर्निश यांचे डबे नकोत. प्लॅस्टिकच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो: २ किंवा ५ असेल तर भाजीला योग्य, ३ किंवा ६ असेल तर नको. भाजी-द्राक्षाचे क्रेट उत्तम, कारण त्यांचं प्लॅस्टिक उन्हाला टिकतं. आतून शेडनेट किंवा जुनी मच्छरदाणी दुहेरी लावली की माती गळत नाही. त्यासाठी सुती कापड लावू नका, ते तीन-चार महिन्यांत कुजतं. गळका माठ जपून ठेवा. मोठ्या ड्रममध्ये तो गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्यानं भरून झाकायचा, म्हणजे पाणी मुळाशी हळूहळू झिरपतं. त्याला भोक पाडायची गरज नाही, पण रंग दिलेला माठ झिरपत नाही, तो घेऊ नका. लोखंडी कॉटची जाळी उभी केली की दोडक्या-कारल्याचा मांडव तयार. मात्र ती भिंतीतल्या हुकाला तारेनं बांधा, वळवाच्या वाऱ्यात मोकळी उभी राहत नाही.

सुती साड्यांबद्दल नीट सांगायला हवं, कारण माळ्यावर सगळ्यात जास्त त्याच निघतात. टोमॅटो-वांग्याला आधार द्यायला बोटभर रुंदीच्या पट्ट्या उत्तम, सुतळीसारख्या खोडात रुतत नाहीत. पण वर्षभराला दोन साड्या पुष्कळ झाल्या. बाकीच्या सुती साड्यांची वाकळ (गोधडी) शिवून घ्या, आपल्याकडे ते काम करणाऱ्या बायका अजून आहेत. सिंथेटिक साडी ना वाकळीला, ना बागेला. तिचे धागे मातीत तसेच राहतात. वापरण्यासारखी असेल तर लगेच देऊन टाका. रद्दीचंही तसंच. वर्तमानपत्रं आणि पुठ्ठा कंपोस्टला लागतो, पण एक फूट उंचीचा गठ्ठा ठेवा आणि उरलेली रद्दी विका. गुळगुळीत छपाईचे कागद आणि चिकटपट्टी लागलेले खोके कंपोस्टमध्ये नकोत.

आता जे कितीही मोह झाला तरी भाजीसाठी वापरू नये ते. सगळ्यात आधी द्राक्षबागेतले किंवा शेतीतले औषधाचे कॅन. तासगाव, मिरज पट्ट्यात ते घरोघरी पडलेले दिसतात. तीनदा खळबळून धुतले तरी त्यात भाजी लावू नका, पाणीही भरू नका. भोक पाडून निकामी करा, म्हणजे दुसरा कोणी वापरणार नाही. औद्योगिक वसाहतीतून आलेला निळा ड्रम आधी कशाचा होता हे खात्रीनं माहीत नसेल तर तोही नको. टायर नको: उन्हात त्यातून जस्तासारखी द्रव्यं उतरतात आणि पोकळीत डासांची पैदास होते. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडे वाफ्याच्या कडेला लावायची पद्धत आहे, पण त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडले, घासले की तंतू हवेत उडतात, म्हणून न तोडता, ओले करून हलवा. जुन्या दार-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. ते लाकूड वाफ्याला नको, आणि जाळून त्याची राख तर मातीत मुळीच नको. १५ किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात मेथी-कोथिंबीर एखादा हंगाम निघते. पण पत्रा उन्हात तापतो, मुळं भाजतात आणि वर्ष-दीड वर्षात बूड गंजतं. असे एक-दोन ठेवा, दहा नकोत. खताची आणि सिमेंटची पोती सांगलीच्या उन्हात काही महिन्यांतच फाटतात आणि त्यांचे तुकडे मातीत मिसळतात, मग निवडून काढता येत नाहीत. सिमेंटच्या पोत्यात उरलेलं सिमेंट मातीला आणखी अल्कधर्मी करतं, आणि आपली माती आधीच तशी आहे.

माळ्याच्या कोपऱ्यात जुनी पांढरी कीटकनाशक पावडर, धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांच्या नळ्या सापडू शकतात. त्या उघडू नका, वास घेऊ नका, पाणी लागू देऊ नका. गोळ्यांना ओल लागली की त्यातून विषारी वायू निघतो. "झाडांना कामाला येईल" म्हणून तर अजिबात ठेवू नका. झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवून महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर टाकू नका. मुदत संपलेली औषधंही कंपोस्टमध्ये नकोत.

बाकीच्या सामानाला लगेच वाट लावा. तांब्या-पितळेची भांडी वापरायची असतील तर कल्हई करून खाली स्वयंपाकघरात आणा, नसतील तर वजनावर मोडीत द्या. त्यांत झाडं लावू नका, तांबं मुळांना मानवत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या. जुना फ्रिज फोडून त्याचा वाफा करू नका, त्यातला वायू हवेत सुटतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. आणि बागेसाठी बाजूला काढलेल्या प्रत्येक वस्तूवर खडूनं तारीख घाला. पंधरा दिवसांत तिच्यात माती पडली नाही, तर ती पुढच्या भंगारवाल्याबरोबर जाते. हा एकच नियम घट्ट पाळला तरी गच्ची स्वच्छ राहते.

मिश्रण असं करा: एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). २० लिटरच्या बादलीला वरून १०० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटेचे भिजवल्यावर ६५ ते ७५ लिटर होतात. ती दोन पाण्यांनी धुवून घ्या, कारण तिच्यात मीठ असतं. साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) सहज मिळते, पण ताजी मळी कुजताना तापते आणि रोपं जळतात. काळी, भुसभुशीत, वास नसलेली असेल तेव्हाच वापरा. पुरानंतरचा गाळ सुपीक दिसतो, पण त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. पालेभाजीला तो नको.

बादलीच्या बुडाला आठ-दहा मिलिमीटरची सहा छिद्रं पाडा आणि त्यांवर जाळीचा तुकडा ठेवा. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरायची जुनी सवय सोडून द्या. त्यानं निचरा वाढत नाही, उलट खडीच्या वरच्या थरात पाणी अडून राहतं आणि मुळांना जागा कमी पडते, वजन वाढतं ते वेगळंच. साताऱ्याकडे, विशेषतः मेढा-पाटणच्या पावसाच्या पट्ट्यात, छिद्रं दहा करा.

सांगलीत बहुतेक बागा पाण्यामुळे फसतात. बोअरचं पाणी जड आणि खारट असेल तर दोन महिन्यांत मातीवर पांढरी पुटं चढतात, पानांच्या कडा करपतात आणि घेवडा, मिरची खुंटते. लोक त्याला खताची कमतरता समजून आणखी खत घालतात आणि क्षार वाढवतात. शक्यतो नळाचं पाणीच द्या. बोअरचं द्यावं लागत असेल तर दर तीन आठवड्यांनी प्रत्येक बादलीतून २० ते ३० लिटर नळाचं पाणी हळूहळू, थांबून थांबून सोडा, म्हणजे क्षार खालून वाहून जातात. त्यानंतर दोन दिवसांनी दोन मुठी गांडूळखत द्या, कारण अन्नद्रव्यंही धुऊन गेलेली असतात. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, पण साठवाल ते झाकून.

नवरात्रापासून सुरुवात असेल तर पालेभाजी घ्या, तिच्यात हात लवकर बसतो. क्रेटमध्ये आठ इंच मिश्रण, १० ग्रॅम मेथी पसरून वर एक सेंटिमीटर माती. २५ ते ३० दिवसांत काढणी. सहाही क्रेट एकाच दिवशी पेरू नका. दर दहा दिवसांनी दोन पेरले की घरात जुडी सतत येत राहते. धणे चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करून पेरा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, तोवर ओल तुटली तर पुन्हा पेरावं लागतं. पालक मुळासकट उपटू नका, दोन बोटं वर कापा, तीन-चार तोडे मिळतात.

बादल्यांत चार टोमॅटो, चार वांगी, चार मिरच्या, प्रत्येकीत एकच रोप. दोन लावली तर दोन्ही अर्धवट राहतात. टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं, पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, खोडाला मुळं फुटतात. फळाचं बूड काळं पडून बसतं ती कीड नव्हे. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं पाणी दिल्यानं कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाण्याची वेळ बांधून घ्या आणि मातीवर दोन इंच उसाचं पाचट पसरा. वांगी कृष्णाकाठचीच लावा, इथली हवा तिला मानवते. शेंडा मान टाकून झुकलेला दिसला की आत अळी आहे असं समजा आणि दोन इंच खालून कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून टाका, कंपोस्टमध्ये नको. मिरचीचा बोकड्या म्हणजे पानं आकसून वळणं. ते फुलकिडे आणि कोळी यांचं काम आहे. एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, दर आठवड्याला. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. सगळं झाड आकसलं असेल तर उपटा, त्यापासून शेजारच्याला लागतं.

१५ मार्चनंतर ५० टक्के शेडनेट लागतेच, पहिला पाऊस येईपर्यंत. गडद रंगाच्या बादल्यांना बाहेरून चुना लावा. मोठ्या रोपाच्या बादलीला तेव्हा रोज दोन-तीन लिटर पाणी, दोन वेळांत विभागून. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दोन बादल्यांत हळदीचा ४०-५० ग्रॅमचा एकेक गड्डा लावून बघा. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन योजनेनं निवडलेली फुले स्वरूपा ही जात किंवा नेहमीची सेलम, दोन्ही चालतील. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की काढा.

कंपोस्टला झाकणाचे ४०-५० लिटरचे दोन डबे, बाजूंना छिद्रं पाडून. एक वाटी ओला कचरा, दोन वाट्या सुका: फाडलेलं वर्तमानपत्र, पुठ्ठा, वाळलेली पानं, पाचट. एक डबा महिनाभर भरा, मग तो बंद ठेवून दुसरा सुरू करा. दीड-दोन महिन्यांत पहिला तयार होतो. वास आला तर सुकं कमी पडलंय, मुंग्या झाल्या तर पाणी कमी पडलंय. शिजलेलं अन्न, तेलकट, आमटीचा गाळ घालू नका, एवढ्यानं निम्म्या तक्रारी संपतात.

फळझाडं दोनच घ्या. पहिलं कागदी लिंबू, साई सरबती जातीचं मिळालं तर तेच. दुसरं डाळिंब किंवा अंजीर, कारण दोन्ही उन्हाला आणि पाण्याच्या थोड्या ताणाला टिकतात. आंबा, नारळ, फणस, केळ गच्चीवर नको. पेरू येतो, पण दरवर्षी कडक छाटणी हवी. प्रत्येकाला ८० लिटरचा ड्रम लागतो, भरल्यावर तो ९० किलोच्या घरात जातो, म्हणून जागा खांबाच्या डोक्यावरच. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, ती फुलपाखराची असते. सकाळी हातानं वेचली की पुरे. लागवड जून-जुलैत करायची आहे, म्हणून आत्ता नवरात्रात ड्रम आणू नका. आठ महिने रिकामा ड्रम गच्चीवर राहिला की त्यात आधी झाडू जातो, मग मोडकी बादली. रोपवाटिकेत रोप ठरवा, आणि ते घरी येईल त्या आठवड्यातच ड्रम कापून घ्या.